नदी-नाल्याकाठी औषध मारायचंय? आधी पाणी कोणाचं ते विचारा

"दादा, पाण्याजवळ औषध मारायचा परवाना कुठं मिळतो?"

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडं फवारणीचं काम नव्यानं सुरू करणारी पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. आता सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि ग्रामपंचायतीचे सदस्यही विचारायला लागलेत. माझं काम दोन्हीकडचं आहे. हंगामात द्राक्षबागांत ब्लोअर (ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप) चालतो, बाकीचे महिने शहरात पेस्ट कंट्रोल. त्यामुळे या कागदांचे हेलपाटे मी घातलेत. पहिलं उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, कारण 'पाण्याजवळ औषध मारायचा परवाना' असा एक कागद आपल्याकडे नाहीच.

इंटरनेटवर शोधलं तर एनपीडीईएस नावाचं एक परमिट सापडतं. एकानं त्याचा अर्ज छापून आणला होता आणि हा कलेक्टर ऑफिसला द्यायचा का, असं विचारत होता. ते परमिट अमेरिकेचं आहे. तिथं २०११ पासून नदी-तळ्यात किंवा त्यांच्या काठावर कीटकनाशक वापरायचं असेल तर वेगळं परमिट लागतं. आपल्याकडे तेच काम चार-पाच कायदे आणि तेवढीच कार्यालयं मिळून करतात. औषध कोणतं, हे एक कार्यालय बघतं. फवारणारा कोण, हे दुसरं बघतं. आणि पाणी ज्याच्या ताब्यात आहे तो तिसराच असतो. नवखा माणूस अडकतो तो या तिसऱ्यापाशी, कारण त्याच्याकडे जायचं असतं हेच त्याला माहीत नसतं.

आधी एक गैरसमज

"माझं शेत, माझा पंप, मला कोण विचारणार?" हे अर्धं खरं आहे. कीटकनाशकांचा मूळ कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्या कायद्याचं कलम ३८ सांगतं की घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर औषध वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे स्वतःच्या बागेत फवारणाऱ्या शेतकऱ्याला परवाना लागत नाही.

पण ही सूट त्या एका कायद्यापुरतीच आहे. १९७४ चा जल प्रदूषण कायदा वेगळा. त्याच्या कलम २४ प्रमाणे विषारी किंवा प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत किंवा गटारात जाऊ देता येत नाही, आणि तिथं शेतकऱ्याला सूट नाही. त्यातला 'प्रवाह' म्हणजे काय, हेही वाचून ठेवा. नदी येते, वाहता किंवा सध्या कोरडा असलेला ओहळ येतो, नैसर्गिक किंवा माणसानं केलेला जलसाठा येतो, जमिनीखालचं पाणीसुद्धा येतं.

'सध्या कोरडा' हे शब्द मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या चालू असताना, एका संध्याकाळी ब्लोअरची टाकी बागेच्या खालच्या ओहळात धुतली. ओहळ ठणठणीत कोरडा होता, दगड तापलेले होते. रात्री परतीचा पाऊस आला. सकाळी खालच्या पाझर तलावात मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. तिथं मासेमारी करणारी मंडळी माझ्या दारात आली, आणि त्यांचं ऐकून घेण्याशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. भरपाई दिली. कोर्टकचेरी झाली नाही, हे माझं नशीब. त्या टाकीत काय होतं, हे आठवलं की आजही लाज वाटते.

पाणी कोणाचं आहे, ते शोधा

फवारणीच्या जागेपासून पाणी कुठं उतरतं, ते पायी चालून बघा. नकाशावर सपाट दिसणारी जमीन प्रत्यक्षात उतरती असते. पहिलं पाणी जिथं भेटेल ते कोणाच्या ताब्यात आहे, तिथून तुमच्या कागदाची सुरुवात होते.

कालवा, मोठं किंवा मध्यम धरण असेल तर जलसंपदा विभाग. नाशिकमध्ये त्याचेही वाटे आहेत. पालखेडचा डावा कालवा, वाघाड, करंजवण यांसाठी पालखेड पाटबंधारे विभाग विचारा. गंगापूर आणि शहराजवळच्या प्रकल्पांसाठी नाशिक पाटबंधारे विभाग, आणि गिरणेच्या बाजूला मालेगाव पाटबंधारे विभाग. कोणती चारी (कालव्यातून निघणारा छोटा पाट) कोणत्या शाखेत येते हे कालव्यावरच्या पाटकऱ्याला तोंडपाठ असतं. कार्यालयात जाण्याआधी त्यालाच गाठा, एक हेलपाटा वाचतो.

कालव्याच्या बाबतीत विशेष जपा. पालखेड डाव्या कालव्याचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) सुटलं की ते पाणी नुसतं शेतीला जात नाही, येवला आणि मनमाडच्या पिण्याच्या साठवण तलावांतही जातं. आपल्याला तो शेतीचा कालवा दिसतो, मनमाडच्या माणसाला तो नळ असतो. कालव्याचं पाणी दूषित करणं हा १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. आवर्तन सुरू असताना कालव्याच्या भरावावर तणनाशक मारायची परवानगी मागूच नका, आणि कोणी तोंडी 'मारा' म्हटलं तरी मारू नका.

गावातला पाझर तलाव किंवा छोटा बंधारा असेल तर जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग किंवा मृद व जलसंधारण विभाग. गावतळं, सार्वजनिक विहीर, गावातून जाणारी नाली ग्रामपंचायतीकडे असते. मासेमारी ठेक्यानं दिलेली असेल तर मच्छीमार संस्थेला न कळवता काही करू नका. संस्थेचं नाव मत्स्यव्यवसाय विभागाकडे मिळतं. पाण्यात विष टाकून मासे मारण्यावर तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे.

शहरात नासर्डी, वाघाडी, वालदेवी आणि गोदेचा काठ म्हणजे महापालिका. देवळालीचा लष्करी वस्तीचा भाग मात्र छावणी परिषदेकडे, तिथं महापालिकेचा कागद चालत नाही. वालदेवी पुढं दारणेला मिळते आणि दारणेतून चेहेडीला शहराचं पाणी उचललं जातं. म्हणून वालदेवीकाठच्या सोसायटीनं 'हे तर सांडपाणीच आहे' म्हणून काहीही ओतण्याआधी आपला नळ कुठून येतो तेवढं आठवावं.

नांदूरमध्यमेश्वरचं प्रकरण वेगळं. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथला हा जलाशय अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३२ अभयारण्यात वन्यजीवांना इजा होईल अशी रसायनं वापरायला सरळ मनाई करतं. इथं 'परवानगी कशी मिळवू' हा प्रश्नच चुकीचा आहे. चापडगाव, खानगाव थडी, मांजरगाव या बाजूला कोणी पाण्यातल्या तणावर औषध मारायचं काम देऊ लागला तर नम्रपणे नाही म्हणा. शेजारच्या शेतातल्या फवारणीबद्दल शंका असेल तर वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयात हद्दीचा नकाशा बघून घ्या. हद्द पाण्याच्या काठावर थांबत नाही, हे बऱ्याच जणांना तिथं गेल्यावर कळतं.

मग डबा वाचा

परवानग्यांच्या गडबडीत लोक हातातला डबा वाचायचा विसरतात. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाची नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडे होते, आणि नोंदणी ठराविक पिकासाठी, ठराविक किडीसाठी, ठराविक मात्रेत असते. आपल्या भाषेत लेबल क्लेम. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी क्लेम असलेलं औषध नाल्यातल्या डासांवर मारलं तर ते औषध 'मान्यताप्राप्त' असून उपयोग नाही, त्या वापराला मान्यता नसते.

डब्यासोबतची घडीची पत्रिका उघडा. मराठीतला मजकूर बारीक असतो, मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. त्यात तीन ठिकाणी बोट ठेवा: कुठं वापरायचं, मासे-मधमाश्यांबद्दलचा इशारा, आणि उरलेल्या औषधाची विल्हेवाट. सायपरमेथ्रीन, लॅम्डा-सायहॅलोथ्रीन, डेल्टामेथ्रीन ही पायरेथ्रॉइड गटाची औषधं माशांना फार घातक असतात. माणसाला तुलनेनं कमी त्रास देतात म्हणून ती 'सौम्य' समजली जातात, आणि घोटाळा तिथंच होतो. डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा या उतरत्या क्रमानं विषारीपणा दाखवतो, पण तो माणसासारख्या सस्तन प्राण्यांच्या हिशेबानं. हिरवा त्रिकोण म्हणजे माशाला चालतं असं नाही. बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद-चुन्याच्या) तांबंही माशांना चालत नाही, आणि बोर्डो तर आपण घरचंच समजतो.

बंदीच्या यादीकडेही लक्ष द्या. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंदी घातली. केंद्राच्या २०१८ च्या आदेशानं १८ कीटकनाशकांवर बंदी आली, त्यातल्या सहांवर २०२० च्या अखेरपासून. त्या सहांत डायक्लोरव्हॉस आणि फोरेट आहेत. जुनी माणसं अजून 'नुवान द्या', 'थायमेट द्या' म्हणतात. कोणाच्या गोदामात जुना डबा सापडला आणि 'वाया का घालवायचा' म्हणून कोणी पुढं केला, तर त्याला हात लावू नका. कृषी विभागाला कळवा.

तुमचे स्वतःचे कागद

पैसे घेऊन दुसऱ्याकडे औषध मारत असाल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत पेस्ट कंट्रोल ऑपरेटर, आणि त्याचा परवाना लागतो. नियमांतल्या व्याख्येत घरं, सार्वजनिक किंवा खासगी जागा यांच्यासोबत शेतातली व्यावसायिक फवारणी आणि हवेतून केलेली फवारणीही येते. म्हणजे 'पेस्ट कंट्रोल शहरवाल्यांचं, आम्ही शेतात मारतो' ही पळवाट नाही. मजुरीवर फवारणी करणाऱ्या किती गाड्यांकडे हा कागद असतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या दिवशी खालच्या तळ्यातले मासे मरतात, त्या दिवशी पहिला हाच कागद मागितला जातो.

या परवान्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी लागते. शिवाय ठरवून दिलेल्या संस्थांपैकी एकीत किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण. या संस्थांत म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संस्था आहे आणि हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्थाही. स्वतःकडे पदवी नसेल तर पात्र माणूस नोकरीला ठेवून त्याच्या नावावर तांत्रिक जबाबदारी दाखवतात. त्यात काही गैर नाही, फक्त तो माणूस खरोखर कामावर असू द्या. फाइलमधला नुसता फोटो पहिल्याच तपासणीत उघडा पडतो.

अर्ज कृषी विभागाकडे जातो. नाशिकला जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात आधी तोंडी चौकशी करा, अर्ज ऑनलाइन कुठं भरायचा आणि सोबत काय जोडायचं ते तिथं सांगतात. पदवी आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, जागेचा पुरावा, गोदामाचा नकाशा आणि शुल्काचं चलन हे बहुतेक वेळा लागतंच. दुसऱ्या गावात शाखा काढली तर तिचा वेगळा परवाना. औषध विकायचंही असेल तर तो विक्री परवाना निराळा, आणि त्यात प्रत्येक कंपनीचं उगम प्रमाणपत्र (कंपनीनं आपला माल विकायला दिल्याचा कागद) नोंदवून घ्यावं लागतं. नव्या माणसानं दोन्ही एकदम सुरू करू नये, असं माझं मत. साठा रजिस्टर सांभाळता सांभाळता फवारणीकडे दुर्लक्ष होतं.

जलपर्णीवाल्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो. ग्लायफोसेट (राउंडअपमधलं तणनाशक) फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरावं, अशी अधिसूचना केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. तेव्हा 'राउंडअप आणून गड्याकडून मारून घेतो' हे ग्रामपंचायतीनंही मनात आणू नये.

अर्ज लिहायचा कसा

पाणी ज्याच्या ताब्यात आहे त्याला द्यायच्या अर्जाचा छापील नमुना नसतो. साध्या कागदावर लिहायचा. मी असा लिहितो:

"प्रति, मा. कार्यकारी अभियंता, अमुक पाटबंधारे विभाग, नाशिक. विषय: मौजे अमुक, गट नं. अमुक लगतच्या चारी क्रमांक अमुकच्या बाजूला फवारणी करण्याबाबत. महोदय, वरील ठिकाणी अमुक तारखेला सकाळी इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत, अमुक कीड किंवा तणासाठी, अमुक औषधाची (नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक) प्रति लिटर इतकी मात्रा, एकूण अंदाजे इतके लिटर द्रावण वापरायचं आहे. पाण्यापासून इतके मीटर पट्टा सोडणार आहोत. या काळात चारीत पाणी सोडण्याचं नियोजन असल्यास कळवावे व फवारणीस हरकत असल्यास तसे लेखी कळवावे."

सोबत परवान्याची प्रत, डब्याच्या पत्रिकेची प्रत आणि हातानं काढलेला साधा नकाशा. नकाशात उताराची दिशा बाणानं दाखवा, त्यानं अर्धे प्रश्न मिटतात. एकदा माझा अर्ज नकाशा नाही म्हणून तीन आठवडे टेबलावर पडून होता, तोवर कीड आपलं काम करून गेली.

प्रत देताना आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. 'हरकत असल्यास कळवावे' असं लिहिलंय म्हणून उत्तर आलं नाही की परवानगी मिळाली, असं मात्र नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा जा. शाखा अभियंत्याला भेटा, आवर्तनाच्या तारखा तोच सांगतो. हाच अर्ज ग्रामपंचायतीसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) नावानं आणि शहरासाठी महापालिकेच्या संबंधित विभागाच्या नावानं चालतो. मच्छीमार संस्थेला त्याची प्रत द्या.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काय? मंडळाची संमती प्रामुख्यानं कारखान्यांना आणि सांडपाणी सोडणाऱ्या जागांना लागते. तुम्ही गोदामात औषधं मिसळून बाटल्या भरायला लागलात, किंवा गाड्या धुण्याचं पाणी कायमच्या नाल्यात सोडायची मोरी बांधलीत, की तुम्ही त्यांच्या कक्षेत आलात. एकेका फवारणीसाठी मंडळाकडे अर्ज करायची गरज नाही. शंका असेल तर मंडळाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयात, त्र्यंबक रोडवर आयटीआयजवळच्या उद्योग भवनात, विचारून या.

जलपर्णी: इथं मी सहसा काम घेत नाही

सिंहस्थ जवळ आला की नदी 'स्वच्छ' दिसावी म्हणून घाई सुरू होते, आणि कोणीतरी पाणवेलीवर (म्हणजे जलपर्णीवर) तणनाशक सुचवतंच. कागद जमवता येतील कदाचित, पण परिणाम वाईट असतो. हिरवी पाणवेल फवारून मारली की ती तिथंच बुडते आणि कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, मासे तडफडतात, पाण्याला वास सुटतो. शिवाय तिला खत पुरवणारं सांडपाणी चालूच असतं, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत नवी पाणवेल हजर.

म्हणून आधी यंत्रानं किंवा माणसं लावून काढणं. काढलेली वेल काठावर नको, पहिल्या पुरात परत नदीत जाते. ती लांब नेऊन टाकायची. या वेलीवर जगणारे निओकेटिना जातीचे भुंगेरे १९८० च्या दशकात आपल्या देशात आणले गेले. ते हळू काम करतात, पण पाण्याला विष देत नाहीत. ज्याला निवडणुकीआधी नदी मोकळी हवी त्याला भुंगेरे पटत नाहीत, हा भाग वेगळा.

डासांसाठी पाण्यात औषध

सोसायटीच्या टाकीत, बांधकामाच्या खड्ड्यात, गावच्या गटारीत अळ्या दिसल्या की लोक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतात. इथं आधी आरोग्य खातं. शहरात महापालिकेचा मलेरिया विभाग, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा हिवताप अधिकारी कार्यालय. अळ्या मारायची टेमीफॉससारखी औषधं, जिवाणूजन्य बीटीआय आणि गप्पी मासे यांतलं कुठल्या पाण्यात काय, हे तेच ठरवतात.

टेमीफॉसची मात्रा किती बारीक असते ते बघा. पाण्यात एक पीपीएम म्हणजे १००० लिटरला १ ग्रॅम मूळ घटक. द्रावण ५० टक्क्यांचं असेल तर १००० लिटरला साधारण २ मिली. सोसायटीच्या टाकीत कोणी झाकणभर 'अंदाजानं' ओतलं तर मात्रा कितीपट होईल, हे तुम्हीच मोजा. आणि गप्पी सोडलेल्या हौदात वर पायरेथ्रॉइड मारलं तर गप्पी मरतात, अळ्या परत येतात. धुराची फवारणी उडत्या डासांसाठी असते, पाण्यातल्या अळ्यांना तिचा काही फरक पडत नाही. सोसायटीच्या सभेत हे सांगितलं की मला काम कमी मिळतं, तरी सांगतो.

टाकी भरणं आणि धुणं

सगळे परवाने खिशात असूनही पाणी बहुतेक वेळा इथंच बिघडतं. ब्लोअरची टाकी कालव्यावर किंवा विहिरीवर भरताना आधी नुसतं पाणी भरा, औषध तिथं मिसळू नका. पाण्याचा पाइप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर लटकता ठेवा. पाइप द्रावणात बुडालेला असेल आणि मोटार बंद पडली तर औषध उलटं विहिरीत ओढलं जातं. विहिरीवर औषध मिसळणं बागायतदारांना सवयीनं सोपं वाटतं, पण ती विहीर शेजाऱ्याच्या विहिरीला पाझरानं जोडलेली असते.

टाकी तीन वेळा थोड्या थोड्या पाण्यानं खळखळून धुवा आणि ते पाणी त्याच बागेच्या कडेच्या ओळींवर फवारून संपवा. बाटलीही तशीच धुऊन धुवण टाकीतच ओता. १९७१ च्या नियमांतला नियम ४४ सांगतो की रिकामे डबे, उरलेलं औषध आणि धुवण यांची विल्हेवाट पाणी दूषित होणार नाही अशी लावायची. डबे उघड्यावर टाकायचे नाहीत, पुन्हा वापरता येणार नाहीत असे फोडून वस्तीपासून लांब पुरायचे. भोक पाडलेल्या डब्यात कोणी रॉकेल भरत नाही, तेवढा फायदा लगेच दिसतो. डबे पुरताना मात्र विहीर, ओहळ आणि उथळ पाण्याची जागा टाळा. कंपनी किंवा दुकानदार रिकामे डबे परत घेत असेल तर पुरण्यापेक्षा ते बरं.

काठाला किती पट्टा सोडायचा? डब्यावर अंतर दिलेलं असेल तर ते पाळा. नसेल तर मी स्वतःसाठी एक नियम केलाय: वारा पाण्याच्या दिशेनं असेल तर त्या बाजूच्या चार-पाच ओळी त्या दिवशी सोडून द्यायच्या, आणि आभाळ भरलेलं असेल तर ब्लोअर काढायचाच नाही. डाऊनी रोगाच्या भीतीनं पावसाच्या तोंडावर फवारायचा मोह होतो, पण धुऊन गेलेलं औषध बागेचाही खर्च असतो.

ड्रोन

ड्रोनसाठी वेगळी तयारी लागते. ड्रोन नियम २०२१ चे, आणि शेतातल्या फवारणीसाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाची कार्यपद्धती त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली. नोंदणी झालेला ड्रोन, प्रमाणपत्र असलेला पायलट आणि ड्रोनसाठी चालणारं औषध एवढं जमवूनच निघा, आणि फवारणीची वर्दी ग्रामपंचायतीला आधी द्या. नाशिकमध्ये ओझर विमानतळ आणि देवळालीचा लष्करी पट्टा असल्यामुळे आधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघावाच लागतो. ओझरच्या आसपासच्या द्राक्षबागा याच पट्ट्यात येतात. ड्रोनचे थेंब फार बारीक असतात आणि वाऱ्यावर दूर जातात, म्हणून कालव्याच्या कडेला मी अजून ब्लोअरच नेतो.

सांडलंच तर

टाकी उलटली, पाइप फुटला, औषध ओहळाकडे निघालं तर सगळ्यात आधी मातीचा बांध घाला. पाण्यानं धुऊन काढायला जाऊ नका, त्यानं ते अजून पसरतं. माती किंवा भुसा टाकून शोषून घ्या, आणि ती माती वेगळ्या पोत्यात भरा. मग फोन करा: ग्रामपंचायत किंवा महापालिका, पाणीपुरवठा योजनेवरचा माणूस, कालवा असेल तर पाटकरी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. खालच्या वस्तीतली जनावरं पाण्यावर जाणार असतील तर आधी तिकडं माणूस पाठवा. कोणाला चक्कर, उलटी, डोळ्यांची बाहुली बारीक होणं असं काही दिसलं तर १०८ ला फोन, आणि डबा किंवा त्याच्या पत्रिकेचा फोटो दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टर पहिला प्रश्न 'कोणतं औषध' हाच विचारतात.

लपवण्याचा विचार मनात येतो, माझ्याही आला होता. पण मासे तरंगले की गाव मागोवा काढतंच. आधी कळवलेल्या माणसाशी लोक एका पद्धतीनं बोलतात, पकडलेल्याशी दुसऱ्या. त्या सकाळनंतर मी गाडीत एक वही ठेवली. तारीख, जागा, औषध, बॅच, मात्रा, वाऱ्याची दिशा, जवळचं पाणी किती मीटरवर, धुवण कुठं संपवलं. आठ रकाने. परवाना, आवक शिक्का असलेले अर्ज आणि ही वही मी एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, सीटखाली ठेवतो. कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकानं गाडी थांबवली तर शोधाशोध करावी लागत नाही.